कुलपाचा वाटा

तुम्ही कधी ठरवून तहानलेले राहिला आहात का? उपास म्हणून नव्हे, रक्ततपासणी आहे म्हणूनही नव्हे. आत्ता पाणी प्यायले तर थोड्या वेळाने जायचं कुठे, या एका विचाराने हातातला पेला कधी खाली ठेवला आहे का? वाचणारी बाई असेल तर तिचं उत्तर देऊन झालं असेल. वाचणारा पुरुष असेल तर त्याने हा प्रश्न आधी घरातल्या कोणाला तरी विचारावा आणि मग पुढे वाचावं. मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे, त्यांना हा प्रश्न मोठ्याने विचारायला नोकरीची बहुतेक सगळी वर्षं लागली. ते त्यांनी कधी लपवलं नाही.

डॉ. कुमुद साठ्ये आम्हाला शरीरक्रियाशास्त्र शिकवायच्या. कोलकात्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात, पहिल्या वर्षाला. कॉलेजचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की बाकीचे सुटतात; हे त्यांच्याकडचं आहे, आपल्याकडचं नाही, असं म्हणून पान उलटतात.

दिसायला त्या ठेंगण्या, खांदे किंचित पुढे झुकलेले. खळ घातलेली कडक सुती साडी, पायात सँडल, आणि तोंडात सदैव एक लवंग. तास संपत आला की त्यांचा आवाज कोरडा पडायचा, मग ती लवंग एका गालातून दुसऱ्या गालात जायची. टेबलावर पाण्याची बाटली कधी नसे. आम्हाला ते साधेपण वाटायचं. आमच्यातला अनिंद्य तर म्हणायचा, "मॅडम कॅक्टस आहेत."

फळ्यावर त्या धड्याचं नाव लिहीत नसत. एकदम प्रश्न टाकत. किडनीच्या पहिल्या तासाला आत आल्या आणि म्हणाल्या, "काय ठेवायचं?"

अनिंद्य मागून म्हणाला, "मॅडम, वही?"

"तुझी वही मी पाहिली आहे. ती नाही ठेवलीस तरी चालेल," त्या म्हणाल्या आणि हसू ओसरायच्या आत पुढे सुरू झाल्या. "तुमची किडनी दिवसभरात एकशेऐंशी लिटर पाणी गाळते. बाहेर किती जातं? दीडेक लिटर. मग बाकीचं?"

"परत," रुकसाना म्हणाली. ती माझ्या शेजारी बसायची.

"परत. लोक म्हणतात, किडनी घाण टाकते. टाकणं कोणालाही येतं. ही बाई आधी सगळं सामान अंगणात काढते आणि मग जे लागतं ते एकेक करून हाताला धरून घरात आणते. साखर आणते, मीठ आणते, पाणी आणते. जे आणावंसं वाटलं नाही ते उरतं. किडनीचं खरं काम ठेवण्याचं आहे, हे ज्याला कळलं त्याला पुढचे सगळे तास सोपे जातील."

हे सगळं बांगला आणि इंग्रजीच्या मिश्रणात चालायचं. मराठी त्या फक्त माझ्याशी बोलायच्या, तेही वर्गाबाहेर. साठ्यांची तिसरी पिढी कोलकात्यात होती. मॅडम बालीगंजमध्येच जन्मल्या, वाढल्या. मराठी आईकडून आलेली, जपून ठेवलेली, आणि तिच्यात मधूनच शेजार शिरलेला. बंगाली माणूस पाणी 'खातो', म्हणून मॅडमही खायच्या. माझ्या वडिलांची बदली होऊन आम्ही बालीगंजला आलो, तेव्हा पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या आईला विचारलं होतं, "दमून आलात, आधी पाणी खाणार की चहा?" आईने हसू दाबलं. मॅडमना ते दिसलं. "हसा हो," त्या म्हणाल्या, "माझी आई असती तर तिने माझे कान ओढले असते."

पचनसंस्था सुरू झाली त्या दिवशी वर्गात मुरी आली. मुरी म्हणजे आपले चुरमुरे. विभागाच्या अटेंडंट शेफालीमासी कागदाची मोठी पिशवी घेऊन बाकांमधून फिरल्या आणि प्रत्येकाच्या हातावर मूठभर मुरी ठेवली. मासी म्हणजे मावशी. त्यांना सगळं कॉलेज मासीच म्हणायचं. त्या बजबजहून रोज लोकलने यायच्या. प्रयोगशाळेची काच, नळ्या, बेडूक असायचे तेव्हा बेडूक, सगळं त्यांच्याच ताब्यात.

"चावा," मॅडम म्हणाल्या. "गिळायचं नाही, बोलायचं नाही, शेजाऱ्याकडे बघायचं नाही."

भावी डॉक्टरांचा अख्खा वर्ग गुरांसारखा रवंथ करत बसला. मासी दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "डॉक्टर व्हायला आले आणि चावायचं शिकवावं लागतंय." कोणाला हसता येईना. हळूहळू तोंडातल्या लगद्याला एक मंद गोडी यायला लागली. ती प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कळत होती.

"ही गोडी मुरीत नव्हती," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या लाळेने पिठातून साखर काढली. पचन तोंडात सुरू होतं. बाहेरचं आपलं करून घ्यायचं तर आधी स्वतःतलं काही द्यावं लागतं. लाळ द्यावी लागते."

"आणि तोंड कोरडं असेल तर?" रुकसानाने विचारलं.

"तर कितीही चावा."

एवढं बोलून त्या दाराकडे वळल्या. "मासी, तुम्ही नाही घेतली?"

"नको दीदी. मुरी खाल्ली की तहान लागते."

वर्ग हसला. खाण्याला नाही म्हणायचं हे कसलं कारण. मॅडम हसल्या नाहीत. लवंग या गालातून त्या गालात गेली आणि त्यांनी आतड्यांचा तक्ता उलगडला.

मासींचं कारण मला काही आठवड्यांनी समजलं, आणि ते प्रयोगशाळेत समजलं. किडनीचा एक जुना, सोपा प्रयोग आहे. रिकाम्या मूत्राशयाने यायचं, एक लिटर पाणी प्यायचं, आणि मग दर अर्ध्या तासाने लघवी मोजायची: किती झाली, किती पातळ झाली. दुसऱ्याने तेवढंच मिठाचं पाणी प्यायचं आणि दोघांचे आकडे शेजारी ठेवायचे. साधं पाणी भराभर बाहेर येतं, मिठाचं शरीर धरून ठेवतं. शरीर किती हुशार आहे हे स्वतःच्या शरीरावर बघायचा हा प्रयोग.

आमच्या कॉलेजात त्याची एक पद्धत होती. मुलगे पाणी पीत आणि मुली आकडे लिहीत. कोणी तसं सांगत नसे. मुलगे आपोआप बीकर उचलत, मुली आपोआप पेन काढत. अनिंद्य नेहमी पहिला पुढे व्हायचा. वर्गात त्याचं नाव 'टाकी' पडलं होतं. मी रुकसानाला विचारलं, "आपण का नाही?" तिने मला हाताला धरून तळमजल्याच्या टोकाला नेलं. दारावर बाईचं चित्र होतं. दाराला कुलूप होतं.

"चावी ऑफिसात," ती म्हणाली. "जा, मागून आण."

मी गेले. ऑफिसात चार टेबलं, चार बाबू, आणि हेडक्लार्क, ज्यांना सगळे बडोबाबू म्हणत. चहा चालला होता. "काय हवंय?" त्यांनी विचारलं. चौघांनीही माना वर केल्या. मी, आईच्या युनियनच्या पत्रकांवर वाढलेली, गादीखाली पत्रकं, फडताळात पत्रकं, अशा घरातून आलेली मुलगी, म्हणाले, "काही नाही," आणि परत आले.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. अर्थात. 'पाशवी', 'अमानुष', 'लाजिरवाणं', एकही विशेषण घरी ठेवलं नाही. अनिंद्यने त्याचं बांगला केलं आणि वर दोन विशेषणं आपली घातली. ते वाटण्याआधी मॅडमच्या हाती कसं पडलं कोण जाणे. रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. टेबलावर पत्रक होतं आणि शेजारी लाल पेन्सिल.

"ये, पत्रकवाली," त्या म्हणाल्या. "बस. पाणी खाल्लंस का?"

मग त्या एकेक शब्द खोडत गेल्या. 'पाशवी' गेलं. "पशूंना कुठेही मोकळं होता येतं. ही व्यवस्था पाशवी असती तर बरं झालं असतं." 'अमानुष' गेलं. शेवटी चार ओळी उरल्या: दार कुठे आहे, चावी कुठे आहे, ती मागायला कोणासमोर काय बोलावं लागतं, आणि त्यामुळे या इमारतीत कोण कोण दिवसभर पाणी पीत नाही.

"कोण कोण?" मी विचारलं.

"मासी. झाडणाऱ्या दोघी. बाहेरच्या ओपीडीतल्या बायका, ज्या चुकून इकडे येतात. तुम्ही मुली." त्यांनी लवंग दुसऱ्या गालात ढकलली. "मी."

तेव्हा कुठे मला त्या लवंगेचा अर्थ लागला.

"तुम्ही तर प्रोफेसर. तुम्हाला चावी मागायला काय?"

"प्रोफेसर झाले तोवर सवय झाली होती. सुरुवातीला मागायची लाज वाटायची, मग तहान लागेनाशी झाली. शरीर फार समजूतदार असतं गं. त्याचाच तर राग येतो." मग त्या पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, "मी पुढच्या वर्षी रिटायर होते. त्याआधी ते दार उघडायचं आहे. मला दुसरं काही नको, निरोपाचा समारंभही नको."

त्यांनी अर्ज केले. आमचे विभागप्रमुख, हेडसर, सज्जन, मृदू बोलणारे. ते प्रत्येक वेळी सांगत, "कुमुद, दार बंद कुठे आहे? चावी आहेच की. कोणीही मागावी. उघडं ठेवलं की बाहेरच्या बायका येऊन घाण करतात."

"घाण करतात म्हणजे वापरतात," मॅडम म्हणाल्या. सरांनी ते विनोद म्हणून घेतलं.

हिवाळ्याच्या सुरुवातीला शेफालीमासींचे पाय सुजले. त्या चपला हातात घेऊन प्रयोगशाळेत यायला लागल्या. मॅडमनी त्यांना स्टुलावर बसवलं, नडगीवर अंगठा दाबला, आणि खळगा पडला तो भरून येईना. दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. मॅडमनी तो आम्हाला दाखवला नाही, पण त्या दिवशीचा तास त्यांनी घेतला नाही. आम्ही पहिल्यांदाच रिकाम्या फळ्यासमोर बसलो. दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या होत्या.

मी पेटले. त्याच दिवशी नवं पत्रक लिहिलं: 'कुलपाने शेफालीमासींच्या किडन्या खाल्ल्या.' ते घेऊन मी थेट मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"हे सिद्ध करशील?"

"मॅडम, उघड आहे."

"मासींना रक्तदाब आहे, कोणी कधी मोजला नाही. मुतखडे होऊन गेलेत. लघवीचा संसर्ग वर्षातून किती वेळा व्हायचा, तो त्या हळद पिऊन काढायच्या. पाणी न पिणं आणि धरून ठेवणं याने खडे होतात, संसर्ग होतो, हे मी तुम्हाला शिकवते. पण कुलपाचा वाटा किती, ते मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही."

"म्हणजे सोडून द्यायचं?"

"असं मी कुठे म्हटलं?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "शून्य नाही. एवढं मी सांगते. कोणीही विचारलं तरी सांगेन. वाटा शून्य नाही."

"मग तेवढंच लिहू?"

"तेवढंच लिही. खोटं बोलून दार उघडलं तर ते खोटं पकडून लोक परत लावतील."

ते पत्रक निघालं. खाली मॅडमची सही होती. लोकांनी वाचलं, 'हं' केलं, आणि कुलूप तसंच राहिलं. मला वाटलं होतं विशेषणं असती तर पेटलं असतं. आजही मला पूर्ण खात्री नाही की नसतं पेटलं. पण त्या चार ओळींतलं एकही अक्षर कोणाला खोडता आलं नाही, हेही खरं.

मग वर्षाअखेरची प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरच्या कॉलेजातून एक वयस्क बाई परीक्षक म्हणून आल्या होत्या. त्या दिवशी किडनीचा तोच प्रयोग ठेवला होता. मॅडमनी आदल्या दिवशी मुलींना एकेकीला वेगळं बोलावून विचारलं होतं. ज्यांनी हो म्हटलं त्यांची नावं पाणी पिणाऱ्यांत होती. बाकीच्या लिहिणार होत्या. अनिंद्यला पेन मिळालं आणि तो इतका गोंधळला की त्याने सवयीने बीकरच उचलला.

"टाकी, खाली ठेव," मॅडम म्हणाल्या. "आज तू लिही."

मग त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या प्रयोगात मुलगे पाणी पितात आणि मुली लिहितात, ही पद्धत पुस्तकात नाही. ती मी सुरू केली."

परीक्षक बाईंनी हातातली यादी टेबलावर ठेवली.

"मी नवी होते. एका मुलीने पाणी प्यायलं, तिला वेळेवर जागा मिळाली नाही. ती रडत घरी गेली आणि परत आलीच नाही. मला वाटलं, मुलींना यातून वाचवावं. म्हणून मी म्हटलं, मुली लिहितील. सगळ्यांनी माझे आभार मानले. मी दार मागायचं सोडून मुलींचं पाणी बंद केलं, आणि त्याला दया समजत राहिले. पुढच्या लोकांना वाटलं नियमच आहे. आज तो नियम मी मागे घेते. प्या."

मुली प्यायल्या. मीही प्यायले. पहिला अर्धा तास गेला. रुकसाना आधी उठली, मग बाकीच्या. सगळ्या हातात काचेची नळकांडी घेऊन तळमजल्याच्या त्या दारासमोर रांगेत उभ्या राहिलो. मॅडम रांगेच्या तोंडाशी. हेडसर धावत आले.

"कुमुद, हे काय? परीक्षा चालू आहे."

"हीच परीक्षा आहे सर. नमुने वेळेवर मिळाले नाहीत तर आकडे चुकतील."

"ऑफिसातून चावी मागवायची होती."

"मागवते आहे. तुमच्याकडे."

सर बाहेरच्या परीक्षक बाईंकडे वळले, बहुधा क्षमा मागायला. त्या बाई पर्स छातीशी धरून भिंतीला लागून उभ्या होत्या. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मलाही जायचं आहे. सकाळपासून."

सरांचा चेहरा मी विसरणार नाही. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. एवढी वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवून त्यांना माहीत नव्हतं. चावी घेऊन बडोबाबू स्वतः आले, जमिनीकडे बघत.

आत सगळं पांढरंशुभ्र होतं. फरशीवर एक डाग नाही, साबणाच्या वडीवरची अक्षरंसुद्धा शाबूत. स्वच्छता कशी राखायची असते ते तिथे बघावं: वापरच बंद करावा.

सगळ्या बाहेर आल्यावर मॅडमनी बडोबाबूंना चावी परत केली. कुलूप परत केलं नाही. ते त्यांनी पदराने पुसलं आणि पर्समध्ये टाकलं. बडोबाबू म्हणाले, "मॅडम, ते सरकारी आहे."

"लिहून घ्या माझ्या नावावर," त्या म्हणाल्या.

त्यानंतर बरेच महिने ते दार उघडं होतं. बाहेरच्या बायका आल्या. घाण झाली, मॅडमनी भांडून दोन वेळा सफाई लावून घेतली, मग कमी झाली. झाडणाऱ्या दोघी दुपारी भिंतीला टेकून पाणी पिताना दिसायला लागल्या. मॅडमच्या टेबलावर बाटली आली. लवंग मात्र सुटली नाही.

आणि शेफालीमासी. त्यांचं डायलिसिस आमच्याच रुग्णालयात सुरू झालं. एकदा मॅडम त्यांना भेटायला निघाल्या, तेव्हा मी सोबत होते. मॅडम उत्साहाने सांगत होत्या की दार उघडं आहे, कोणीही जातं, आता कोणाला विचारावं लागत नाही. मासी ऐकत होत्या. ओठ सुकलेले होते. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून मिळतं. किडनी बाहेर टाकत नाही, म्हणून आत घालायचंही नसतं.

"छान केलंत दीदी," मासी म्हणाल्या. "आधी कुलपाने पाणी बंद केलं, आता डॉक्टरने. आणि दार उघडलं तर मला लघवीच होत नाही."

त्या हसल्या. तक्रार नव्हती त्यात. मासींना स्वतःवर विनोद करायची सवयच होती. मॅडमनी त्यांचा हात धरला. परत येताना जिन्यावर त्या मध्येच थांबल्या. मला वाटलं दम लागला. त्या म्हणाल्या, "मी दहा पावलांवर शिकवत होते गं. काय ठेवायचं, काय ठेवायचं, म्हणून ओरडत होते. आणि ही बाई सगळं धरून ठेवत होती."

मॅडम रिटायर झाल्या. नको म्हटलं तरी समारंभ झाला, शाल आली, फुलं आली, त्या आम्हा सर्वांच्या आईसारख्या आहेत असं चार जणांनी सांगितलं. त्यांनी भाषण केलं ते एका वाक्याचं: "दार उघडं ठेवा." टाळ्या झाल्या. पुढच्याच आठवड्यात दाराला नवं, मोठं कुलूप लागलं होतं. त्याच सुमारास मासीही वारल्या.

मला वाटलं, संपलं. मी तिसऱ्या वर्षाला होते, एका दाखल्यासाठी ऑफिसात गेले होते. आत तेच चार बाबू, तोच चहा. आणि बडोबाबूंच्या टेबलासमोर, खळ घातलेली साडी नेसून, मॅडम उभ्या होत्या. त्यांच्या मागे तीन बाया. एक झाडणारी, दोघी कुठल्यातरी खेड्यातून पेशंटबरोबर आलेल्या, डोक्यावर पदर.

मॅडम साध्या, मोठ्या आवाजात म्हणाल्या, "बडोबाबू, मला लघवीला जायचं आहे. चावी द्या."

भद्र लोकांच्या ऑफिसात बाई बांगलामधला तो शब्द असा मोठ्याने उच्चारत नाही. बडोबाबू लाल झाले. "मॅडम, तुम्ही सरांच्या खोलीत जा ना. तिथे सोय आहे. तुम्ही कशाला असं..."

"मी रिटायर झाले. आता मी बाहेरची बाई आहे. बाहेरच्या बायका घाण करतात असं तुमच्या फायलीत लिहिलंय. मी करायला आले आहे."

एक बाबू हसला आणि गप्प झाला. बडोबाबूंनी खणातून चावी काढली.

"यांनाही जायचं आहे," मॅडम म्हणाल्या आणि मागे वळून बायांना म्हणाल्या, "सांगा. यांना सांगा, काय हवंय."

त्या बाया पदरात तोंड लपवत होत्या. मग झाडणारी बाई पुढे झाली आणि तिने ते वाक्य म्हटलं. हळू म्हटलं, पण पूर्ण म्हटलं.

मला नंतर कळलं की मासींचे डायलिसिसचे वार होते, त्या वारांना मॅडम येत होत्या. आधी त्यांच्यासाठी येत, मग त्या गेल्यावरही येत राहिल्या. चावी मागायची, दार उघडायचं, बाया जाऊ द्यायच्या, चावी परत द्यायची. शिपाई कुलूप लावायचा. मॅडम बाकावर थोडं बसायच्या आणि पुन्हा जाऊन मागायच्या. त्याच आवाजात, त्याच शब्दांत.

वळताना त्यांना मी दिसले. मी दाराच्या चौकटीत दाखल्याचा कागद धरून उभी होते.

"उभी काय राहिलीस, पत्रकवाली?" त्या मराठीत म्हणाल्या. "तुला नाही जायचं?"

"जायचंय," मी म्हणाले.

"मग मला काय सांगतेस? त्यांना सांग."

मी सांगितलं. त्या वेळी बडोबाबूंनी मान वर केली नाही. मॅडम पुढे निघाल्या, हातात चावी, मागे आम्ही चौघी. व्हरांड्यात उन्हाचे पट्टे पडले होते आणि त्यांच्या सँडलचा आवाज नेहमीसारखाच येत होता, ना घाईचा ना संथ. मी त्यांना कॉलेजात पाहिलं ते शेवटचं. त्या आता न्यू टाउनला भाचीकडे असतात. गुडघे एवढ्या लांबचा प्रवास करू देत नाहीत. आम्ही काही जणी पाळीपाळीने चावी मागायला जातो. काही दिवस दार उघडं असतं, काही दिवस नसतं.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते सह्यांचं नाही. उद्या तुम्ही ज्या कचेरीत, शाळेत, बँकेत, कोर्टात किंवा दवाखान्यात जाल, तिथे बायकांची जागा कुठे आहे ते शोधा. कुलूप असेल तर ज्याच्याकडे चावी आहे त्याच्यासमोर उभं राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ते वाक्य म्हणा. पुरुष असाल तर कोणा बाईला चावी हवी आहे का ते विचारा आणि तिच्यासाठी मागा. लाजून 'जरा काम होतं' म्हणू नका. शब्द नीट उच्चारा. आणि परवा पुन्हा जा.